सोर्स कुठं सापडतात आणि बोलते कसे होतात (केळीच्या स्टोरीवरून शिकलेलं)

जळगावला जर्नालिझम करतोय, मागच्या सेमला केळीच्या भावावर प्रोजेक्ट घेतला आणि पहिले पंधरा दिवस फुकट घालवले. ज्युनिअर पोरं सारखी विचारतात सोर्स, म्हणजे बातमीला माहिती देणारी माणसं, कशी मिळवली म्हणून, तर एकदाच लिहून टाकतो.

सुरुवात साहेबापासून करू नका. मी केली. एका सरकारी ऑफिसात तीन चकरा, साहेब मिटिंगला, साहेब दौऱ्यावर, तिसऱ्यांदा भेटले तर म्हणे लेखी द्या. त्यांची तरी काय चूक, मी "सर केळीची परिस्थिती काय आहे" असलं विचारत होतो, त्याला प्रेसनोटच मिळणार ना.

मग रावेरकडे गेलो आणि केळीचे ट्रक भरतात तिथल्या चहाच्या टपरीवर नुसता बसलो. घड वाहणारे मजूर, ड्रायव्हर, टपरीवाला, ह्यांना कोणी काही विचारतच नाही त्यामुळे एकदा विचारलं की थांबत नाहीत. "बोर्ड भाव वेगळा न हातात पडतो तो वेगळा" हे तिथंच ऐकलं (बोर्ड भाव म्हणजे रोज जाहीर होतो तो), पुढं स्टोरी तीच झाली. पण टपरीवरचं ऐकून लगेच लिहायचं नाही हां, तो फक्त रस्ता. शेतकऱ्याकडे काटा पावती, म्हणजे माल मोजल्याची पावती, मागा, विचारून फोटो काढा आणि त्याच दिवसाचा बोर्ड भाव वहीत शेजारी लिहा, मग बोला.

शेतकऱ्याला फोन करताना आधी विचारायचं, "ह्या आठवड्यात लाईट कधीची आहे?" रात्रीची असेल तर माणूस रात्रभर पाणी भरून सकाळी झोपलेला असतो, तुम्ही दहाला दार वाजवलं तर मुलाखत गेलीच समजा. मे महिन्यात तर दुपारी जाऊच नका, तुम्हालाही झेपणार नाही.

भाषेचं म्हणाल तर मी अमळनेरकडचा, घरी अहिराणी. रावेर-यावलकडे लेवा बोली. तिथल्या एका शेतकऱ्याला मी मोठ्या तोऱ्यात अहिराणीत "काय करी राह्यनात नाना" (काय करताय) म्हटलं, नाना हसले, म्हणे कुठला रे भो तू, आणि तिथूनच गाडी सुरू झाली. पुस्तकी मराठीत "आपलं मत काय" विचारलं की माणूस टीव्हीवर बोलल्यासारखं बोलतो, काही कामाचं नसतं ते.

अभ्यास करून जाणं म्हणजे काय ते पण ह्याच नानांकडे कळलं. थंडीनं नुकसान झालं का विचारलं तर सगळेच हो म्हणतात, पुढं काय लिहिणार? मी केळीच्या पीक विम्याचे नियम वाचून गेलो होतो, कमी तापमानाची भरपाई मिळायला सलग 3 दिवस पारा 8 अंश किंवा खाली लागतो आणि तो मोजतात महसूल मंडळाच्या (काही गावांचा मिळून एक भाग) हवामान केंद्रावर, तुमच्या बागेत नाही. म्हणून विचारलं, नाना तुमच्या मंडळाचं यंत्र बसवलंय कुठं? नाना उठून चपला घालायला लागले, चाल दाखवतो म्हणे. रेकॉर्डिंग लावू का हे मी रस्त्यात विचारलं, आधीच विचारायला पाहिजे होतं.

व्यापाऱ्याला "कमी का देता" असं तोंडावर विचारलं की संपलं. मी म्हटलं शेठ, घड बघून भाव कसा ठरतो ते शिकवा मला. अर्धा तास बोलले, डागी माल, घडाची जाडी, गाडी उत्तरेत पोचेपर्यंत किती माल काळा पडतो वगैरे. पावतीचा फोटो शेवटी दाखवला. तेव्हा जरा वेळ गप्प बसले आणि मग जे बोलले ते नाव न घेण्याच्या अटीवर, ती अट पाळली. पाळणार नसाल तर हो म्हणूच नका.

बायांशी बोलायचं तर पुरुष बसलेले असताना त्या "आमाले काय म्हाईत" म्हणतात, दुसऱ्या दिवशी परत जा, निंदणीच्या बांधावर.

आणि साहेब? त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी, पावत्या घेऊन. तरी टाळलं तर माहिती अधिकार, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते म्हणून अर्ज प्रोजेक्टच्या पहिल्याच आठवड्यात टाकून ठेवा, मी सबमिशनच्या दहा दिवस आधी टाकला होता.

हो, नंबर सेव्ह करताना गाव आणि धंदा लिहा. माझ्या फोनमध्ये आज एकोणीस पाटील आणि अकरा चौधरी आहेत, परवा ट्रक ड्रायव्हर समजून सरपंचांना विचारलं, भाऊ गाडी भरली का?