आयरिसला वेगळ्या रंगाचं फूल आलं? या चुका टाळा

बेळगाव-खानापूरकडच्या हवेत दाढीवाल्या (खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेल्या) आयरिसला हवी तेवढी थंडी मिळत नाही. इथे घरी बी धरायचं तर आयरिस डोमेस्टिकाच बरी: नारिंगी पाकळ्या, लाल ठिपके, उकललेल्या बोंडात काळंभोर बी. तिचा आणि आयरिस डायकोटोमाचा संकर म्हणजे कँडी लिली. कँडी लिलीच्या बियांतून पिवळी, गुलाबी, जांभळी अशी कुठलीही फुलं निघू शकतात. आजीचे घारे डोळे नातीत उतरावेत, तसा हा पूर्वजांचा दडलेला रंग असतो. त्याला उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात अचानक झालेला बदल, म्हणायची घाई करू नका.

सगळ्यात जास्त फसगत जुन्या बेटात होते. वर्षानुवर्षं नारिंगी फुलणाऱ्या बेटात अचानक पिवळं फूल दिसतं आणि झाडानेच रंग बदलला असं वाटतं. बहुतेकदा बोंडातलं बी तिथेच गळून रुजलेलं असतं. माती हलक्या हाताने बाजूला करा. तो फुटवा जुन्या कंदालाच जोडलेला असेल, तरच उत्परिवर्तनाचा संशय घ्या. म्हणूनच बोंडं उकलण्याआधी काढून घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

खरं उत्परिवर्तन झालं की काय होतं? आयरिसमध्ये निळा-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा आणि पिवळा कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा. दोन्ही वेगवेगळे तयार होतात. अँथोसायनिन बनणं थांबलं की जांभळ्या जागी पांढरं किंवा पिवळं फूल येतं.

असा फुटवा मिळाला तर त्याचं बी पेरून तोच रंग येईल असं धरून चालू नका. पावसाची झड ओसरली की कंदासकट फुटवा वेगळा करा आणि उंच वाफ्यात लावा. खानापूरच्या पावसात सखल जागी कंद कुजतो. पुढच्या बहरातही तोच रंग आला तरच जपा. बदल पेशींच्या एखाद्याच थरात असेल तर मूळ रंग परत येतो. अर्ध्या पाकळीवरचा पट्टा तर बऱ्याचदा पुन्हा दिसतही नाही.

पाकळीवर तुटक रेघा आणि पानांवरही पिवळट पट्टे असतील तर ते रोप ठेवू नका. तो विषाणू असू शकतो आणि तो माव्यातून पसरतो. निपाणी-चिक्कोडीकडे उसाच्या बांधाला बाग असेल तर शेजारी तणनाशक फवारलं होतं का, तेही विचारा. त्याने फुलं वेडीवाकडी येतात.

खूणपट्टीवर पेन्सिलनेच लिहा. पेनची शाई पहिल्या पावसात जाते.