जुनी जीप युद्धकाळातील आहे का, हे कसे ओळखावे?

१९४१ ते १९४५ मधील लष्करी जीप म्हणून दाखवलेली गाडी घेताना रंगाला आणि बॉनेटवरच्या ताऱ्याला न भुलता आधी चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, पाहावी. रेडिएटरखालचा आडवा दांडा गोल नळीचा असल्यास चॅसी विलिस एमबीची (विलिस कंपनीची युद्धकाळातील जीप), उलट्या ‘यू’ आकाराचा असल्यास फोर्ड जीपीडब्ल्यूची (त्याच आराखड्याची फोर्डने बनवलेली जीप) समजावी. फोर्डने बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ उमटवला होता. पुढच्या जाळीत नऊऐवजी सात फटी आणि मागे उघडणारे फळके असेल, तर ती बहुधा युद्धोत्तर नागरी जीप असते. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत जोडलेल्या जीपही त्याच घराण्यातल्या. फोर्डचा चॅसी क्रमांक डाव्या चॅसीपट्टीच्या माथ्यावर ठोकलेला असतो, म्हणून तिथे ग्राइंडर मुळीच न लावता रॉकेल आणि तारेच्या ब्रशने गंज हळूहळू उतरवावा.