ओबीएम इंजिनाचे अनेक कार्बोरेटर एका तालात आणण्याची पद्धत

नाशिकच्या गंगापूर धरणातून विसर्ग वाढतो, गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढते आणि रबरी बोट पुरात उतरवावी लागते, तेव्हा बोटीमागच्या इंजिनाकडून (ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर) मुख्य अपेक्षा वेगाची नसते. पाण्यातल्या माणसाजवळ पोहोचल्यावर न्यूट्रलमध्ये घेतलेले इंजिन बंद पडता कामा नये आणि माणूस आत ओढून घेतल्यावर गिअर टाकताच त्याने न अडखळता प्रवाहाविरुद्ध जोर धरला पाहिजे. ज्या इंजिनांना दोन, तीन किंवा चार कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) असतात, ती बिघडलेली असली की नेमकी याच दोन क्षणी दगा देतात, आणि पुष्कळदा त्यामागचे कारण एवढेच असते की सगळ्या कार्बोरेटरच्या बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतल्या फिरत्या झडपा, एकाच वेळी उघडत नाहीत. 2027 च्या सिंहस्थातील पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे नदी भरलेली असताना आहेत. त्यामुळे ज्यांच्या हाती अशी इंजिने आहेत, त्यांनी हे काम कोरड्या दिवसांत, घाई नसताना शिकून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरखालचा क्रँककेसचा कप्पा स्वतंत्र व हवाबंद असतो, आणि जिथे प्रत्येक कप्प्याला स्वतःचा कार्बोरेटर दिलेला असतो, तिथे तीन सिलिंडरचे इंजिन म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली तीन छोटी इंजिनेच असतात. त्यातल्या एकाची बटरफ्लाय केसभर आधी उघडली, तर मंद गतीवर सारा भार त्या एकट्या सिलिंडरवर येतो, उरलेली दोन नुसती फरफटत जातात आणि इंजिन थरथरते. त्यातच एखाद्या सिलिंडरला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळत राहिले तर धोका वाढतो, कारण तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, आणि उष्णता मात्र जास्त. पिस्टनवर ओरखडे पडून इंजिन जाम होण्याचा हा नेहमीचा रस्ता आहे.

मात्र हे काम सर्वांत शेवटी करायचे असते. कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरचे जवळपास सारखे आहे, प्रत्येक प्लगला ठिणगी येते आणि जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) स्वच्छ आहेत, याची खात्री होईपर्यंत लिंकेजच्या, म्हणजे बटरफ्लाय एकत्र हलवणाऱ्या जोडणीच्या, स्क्रूला हात लावू नये. तुंबलेल्या जेटमुळे होणारे मिसिंग लिंकेज फिरवून झाकण्याचा प्रयत्न केला, तर एकाऐवजी दोन दोष तयार होतात. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. उन्हाळाभर टाकीत पडून राहिलेले पेट्रोल पहिल्या पावसात वापरले, की पाणी वेगळे होऊन कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या फ्लोटच्या वाटीत बसते आणि मंद गतीचा बारीक जेट सर्वांत आधी बुजतो. म्हणून वाट्या उघडून साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता मुख्य काम. इंजिन बंद ठेवून किल-स्विचची दोरी काढावी, बॅटरी असल्यास तिची तार सोडावी आणि कार्बोरेटरच्या तोंडावरची सायलेन्सर पेटी उतरवावी. समोर एकाखाली एक असे कार्बोरेटर दिसतील आणि त्यांच्या दांड्यांना जोडणारी एक उभी सळई दिसेल. या सगळ्यांपैकी एकाच कार्बोरेटरला थ्रॉटलच्या कॅमवर (थ्रॉटलसोबत फिरणाऱ्या चकतीवर) टेकणारा रोलर असतो आणि बाकीचे त्या सळईमार्फत त्याच्या मागे चालतात. प्रथम थ्रॉटलची केबल सुटी करावी. त्यानंतर आयडलचा (मंद गतीचा) स्क्रू इतका मागे घ्यावा की रोलर आणि कॅम यांच्यात स्पष्ट फट दिसेल. ही पायरी गाळली, तर पुढचे सारे कष्ट वाया जातात, कारण कॅमने ढकलून धरलेली बटरफ्लाय बंद दिसते, पण बंद नसते.

यानंतर सळईला प्रत्येक कार्बोरेटरशी घट्ट धरणारे छोटे स्क्रू सैल करावेत, काढू मात्र नयेत. काही इंजिनांत हे स्क्रू उलट्या आट्यांचे असतात. त्यामुळे स्क्रू हलत नाही म्हणून जोर लावण्याआधी त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिशा पाहून घ्यावी. पितळी स्क्रूचे डोके एकदा बिघडले की कार्बोरेटर खाली उतरवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. स्क्रू सैल झाले की प्रत्येक बटरफ्लाय आपापल्या स्प्रिंगने पूर्ण मिटते. मिटली आहे की नाही हे डोळ्यांवर सोपवू नये. तर्जनी कार्बोरेटरच्या घशात घालून पत्र्याच्या खालच्या कडेवर हलकेच टिचकी मारावी. पूर्ण बसलेल्या बटरफ्लायचा आवाज ठणठणीत येतो आणि बोटाला ती भिंतीसारखी लागते. किंचित अधांतरी राहिलेली बटरफ्लाय मऊ लागते, बोटाखाली जराशी दबते.

सगळ्या मिटल्या की सळई बोटाने अगदी हलके दाबून तिच्या सांध्यांतली ढिलाई एका बाजूला घ्यावी आणि ती तशीच धरून एकेक स्क्रू आवळावा. खरी चूक इथेच होते. स्क्रू आवळताना पेचकसाच्या पिळाने दांडी किंचित फिरते आणि नुकतीच मिटलेली बटरफ्लाय कागदाच्या जाडीएवढी उघडी राहते. माझ्याकडून एकदा तीन सिलिंडरच्या इंजिनात सर्वांत खालच्या कार्बोरेटरची अशी फट राहून गेली होती. पाण्याच्या ड्रममध्ये इंजिन बरे चालले, पण जलाशयावर गिअर टाकताच खालचा कार्बोरेटर शिंकू लागला आणि इंजिन दोनदा बंद पडले. तेव्हापासून प्रत्येक स्क्रू आवळून झाला की मी टिचकीची तपासणी पुन्हा पहिल्या कार्बोरेटरपासून करतो.

शेवटची खात्री कागदाने करावी. पतंगाच्या कागदाच्या वीतभर लांब, बोटभर रुंद पट्ट्या कापून प्रत्येक मिटलेल्या बटरफ्लायच्या कडेखाली एकेक पट्टी धरवावी. पट्टी लांब ठेवण्याचे कारण ती आत ओढली जाऊ नये. मग एका हाताने रोलरची दांडी अतिशय सावकाश उचलावी आणि दुसऱ्या हाताने पट्ट्यांना आळीपाळीने हलका ताण द्यावा. सगळ्या पट्ट्या एकाच क्षणी सुटल्या तर काम जमले. एखादी आधी सुटली, तर त्या कार्बोरेटरचा स्क्रू सैल करून पुन्हा सुरुवात करावी. या पहिल्या केसभर उघडण्यातच सारे रहस्य आहे, कारण बटरफ्लाय अर्धी उघडल्यावर थोडासा फरक पडला तरी इंजिनाला जाणवत नाही, पण मिटलेल्या अवस्थेजवळ तोच फरक हवेच्या प्रमाणात दुपटीचा ठरू शकतो.

बऱ्याच टू-स्ट्रोक इंजिनांत थ्रॉटल फिरवताना आधी ठिणगीची वेळ पुढे सरकते आणि मग रोलरला कॅमचा स्पर्श होऊन बटरफ्लाय उघडू लागतात. कॅमवर यासाठी एक खूण कोरलेली असते. रोलरचा मध्य त्या खुणेसमोर आला असतानाच बटरफ्लाय हलायला लागाव्यात, असे रोलरचे स्थान ठेवावे. त्या लवकर हलल्या तर उचल घेताना इंजिन गुदमरते, उशिरा हलल्या तर सुस्त वाटते. पूर्ण थ्रॉटलला सगळ्या बटरफ्लाय आडव्या, हवेच्या वाटेला समांतर असाव्यात आणि थांबा कॅमच्या स्टॉपवर लागावा, कार्बोरेटरच्या दांडीवर नव्हे.

फोर-स्ट्रोक इंजिनाची रीत वेगळी आहे. तिथे इनटेक मॅनिफोल्डवर दिलेल्या छिद्रांना व्हॅक्यूम गेज जोडून, इंजिन गरम झाल्यावर, चालू स्थितीत काम करावे लागते. जो कार्बोरेटर मॅन्युअलने आधाराचा म्हणून ठरवला आहे, त्याचा आकडा प्रमाण मानावा आणि बाकीच्यांचे स्क्रू एका वेळी एकच, पाव फेऱ्याहूनही कमी फिरवून तो आकडा गाठावा. प्रत्येक बदलानंतर दोन-तीनदा हलकी रेस देऊन सुया स्थिरावू द्याव्यात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे 7 टक्के, म्हणजे पाऱ्याच्या 5 सेंटिमीटरनी कमी असतो. त्यामुळे गेजवर पुस्तकातल्यापेक्षा थोडा कमी आकडा दिसला म्हणून इंजिनात दोष शोधत बसू नये. आकडे एकमेकांशी जुळणे महत्त्वाचे आहे.

इंजिन चालवून पाहण्यासाठी 200 लिटरचा ड्रम पुरतो, पण पंखा (प्रोपेलर) आधी काढून ठेवावा आणि पाणी खालच्या भागातल्या पाण्याच्या पंपाच्या वर चांगले भरलेले असावे. इंजिनाच्या मागून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडताना दिसली पाहिजे. ती नसेल तर इंजिन लगेच बंद करावे, कारण कोरडे फिरलेले पंपातले रबरी चाक (इम्पेलर) काही सेकंदांतही खराब होते. मिश्रणाचे स्क्रू अलगद टेकेपर्यंत बंद करून मॅन्युअलमधल्या फेऱ्यांइतके उघडावेत. मालवणच्या किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर जुळवलेले इंजिन इथे आणल्यावर हवा विरळ असल्याने मिश्रण किंचित दाट होते, म्हणून प्लग काळे पडत असतील तर स्क्रू थोडा आवळता येतो, पण एका वेळी एक अष्टमांश फेराच, आणि इंजिन शिंकू लागले की तिथून मागे यावे. टू-स्ट्रोकमध्ये थोडे दाट मिश्रण चालते, विरळ चालत नाही.

ड्रममधला निकाल अंतिम मानू नये. पंखा चढवून केबल जोडावी आणि बोट धरणाच्या शांत पाण्यात न्यावी. पाच मिनिटे गिअरमध्ये मंद चालवून एकदम थ्रॉटल द्यावा, पुन्हा मंदावर आणावे, आणि हे तीन-चारदा करावे. मंद गतीचा आकडा टॅकोमीटरवर गिअरमध्ये असतानाच वाचावा, कारण न्यूट्रलमध्ये जुळवलेली गती गिअर टाकताच खाली येते. परत आल्यावर तिन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवावेत. तिघांचा तांबूस रंग सारखा असेल, तर लिंकेजच्या स्क्रूंवर रंगाचा एकेक ठिपका द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी हुड उघडल्याबरोबर कोणता स्क्रू कंपनाने सरकला आहे ते दिसेल. पहिल्या दहा तासांच्या वापरानंतर हे ठिपके एकदा पाहून घ्यावेत.