बेळगावातून कुत्रं-मांजर परदेशात न्यायचंय? तिकिटाच्या आधी तारखांचं गणित मांडा

परवा शहापुरातल्या एका काकूंचा फोन आला. मुलगा नेदरलँडला चाललाय, पुढच्या महिन्यात जॉइनिंग, आणि घरचं कुत्रं बरोबर न्यायचं म्हणतोय, काय काय लागतंय सांग की. मी म्हटलं काकू, महिन्यात नाही व्हायचं. "अगं इंजेक्शन सगळी झाल्यात की त्याची, कार्ड पण हाय," म्हणाल्या. कार्ड आमच्याकडे पण होतं. तरीसुद्धा आमचा कुत्रा टिप्या ताईच्या मागून सात महिन्यांनी जर्मनीला पोचला, आणि ते सात महिने तो रोज संध्याकाळी वडगावच्या घराच्या पायरीवर बसून गल्लीच्या तोंडाकडे बघायचा. ते बघणं मला परत कुणाच्या घरी नको आहे, म्हणून जेवढं आम्ही केलं आणि शिकलो तेवढं सगळं इथं लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे क्रम. चिप आधी, रेबीजचं इंजेक्शन नंतर. एका दिवशी दोन्ही केलं तरी चालतंय पण चिप पहिली बसली पाहिजे आणि कागदावर तसं दिसलं पाहिजे. आमचं इथंच चुकलं. टिप्याला दर वर्षी न चुकता रेबीजचं इंजेक्शन होतं, चिप मात्र ताईचा व्हिसा आल्यावर बसवली, आणि डॉक्टर म्हणाले इंजेक्शन आहेच की, परत कशाला. युरोपच्या नियमात चिपच्या आधीचं इंजेक्शन धरतच नाहीत, कारण ते इंजेक्शन ह्याच कुत्र्याला दिलं हे सिद्ध कशावरून करणार? आम्हाला हे अडीच महिन्यांनी कळलं, तोवर रक्त तपासणीचे पैसे पण गेले होते, सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेखाली दोन खांद्यांच्या मध्ये जाड सुईनं कातडीखाली सोडतात, भूल लागत नाही. बघायचं एवढंच की ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ वाली, १५ आकडी नंबरची पाहिजे. डॉक्टरांकडे स्कॅनर असतो, प्रत्येक वेळी गेलात की स्कॅन करायला सांगा आणि नंबर स्वतःच्या डोळ्यांनी कार्डाशी जुळवून बघा, कारण पुढच्या प्रत्येक कागदावर हा नंबर येतो आणि एक आकडा चुकला तरी तो कागद दुसऱ्या कुत्र्याचा ठरतो.

आता गणित. युरोपियन युनियनच्या यादीत भारत रेबीजच्या बाबतीत सुरक्षित देशांत नाही, म्हणून आपल्या जनावरांना रक्ताची तपासणी लागते, तिला टायटर टेस्ट म्हणतात. इंजेक्शनने शरीरात पुरेशी ताकद आली का ते त्यात बघतात, मिलिलिटरला किमान ०.५ आययू आकडा यायला लागतो. इंजेक्शन दिल्यापासून किमान ३० दिवस झाल्यावर रक्त काढायचं, आणि रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं, मगच प्रवेश. रिपोर्टच्या तारखेपासून नाही हां, रक्त काढल्या तारखेपासून, त्यामुळे रिपोर्ट यायला उशीर झाला म्हणून जीव टांगू नका, ते दिवस मोजले जातच असतात. म्हणजे चिपपासून विमानापर्यंत कमीत कमी चार महिने, आणि सगळं धरून सहा महिने हातात ठेवा. पिल्लू असेल तर अजून एक, १२ आठवड्यांच्या आत दिलेलं रेबीजचं इंजेक्शन धरत नाहीत, म्हणजे पिल्लू जवळपास सात महिन्यांचं झाल्याशिवाय निघूच शकत नाही. मांजराला पण अगदी हेच सगळं, आमची मनी टिप्याच्या बरोबरच होती, "मांजर काय घरातच असतंय" असं म्हणून सवलत कोण देत नाही.

टायटर टेस्ट कुठल्याही लॅबमध्ये चालत नाही, युरोपियन कमिशनने मान्यता दिलेल्या लॅबची यादी आहे, तिच्यातलीच लागते. आम्ही पुण्याला जाऊन रक्त दिलं, कारण तिथल्या क्लिनिकला सीरम वेगळं काढून थंड पॅक करून बाहेरच्या लॅबला पाठवायची सवय होती. तुमचे इथलेच डॉक्टर करत असतील तर उत्तमच, फक्त त्यांना विचारा की लॅबचं नाव काय, यादीत आहे का आणि फॉर्मवर चिप नंबर लिहिणार ना. आकडा कमी आला तर परत इंजेक्शन, परत ३० दिवस, परत रक्त. आयुष्यात पहिल्यांदाच रेबीजचं इंजेक्शन घेतलेल्या जनावरांचा आकडा कधी कधी कमी येतो, म्हणून एक बूस्टर देऊन मग रक्त काढावं का हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. आणि एकदा टेस्ट पास झाली की पुढचं बूस्टर मुदतीच्या आत देत राहिलात तर ती टेस्ट कायम धरतात. एक दिवस जरी मुदत हुकली तरी सगळं गणित परत शून्यावर.

कागदांचं सांगते, कारण आपल्या भागात ह्याचा वेगळाच घोळ होतो. सरकारी दवाखान्यातलं टिप्याचं जुनं कार्ड कन्नडमध्ये हातानं लिहिलेलं, त्यात नाव एक, जात "नायी" म्हणजे कुत्रं एवढंच, रंग नाही, लसीचा बॅच नंबर नाही. निपाणी-चिकोडीकडच्या लोकांकडे अर्धी इंजेक्शनं कोल्हापूरला घेतलेली असतात, ते कार्ड मराठीत. हे सगळं बाजूला ठेवा आणि एक नवीन इंग्लिश कार्ड करून घ्या, त्यात चिप नंबर आणि बसवल्याची तारीख, लसीचं नाव, कंपनी, बॅच, दिल्याची तारीख, मुदत संपायची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर. बॅचचा स्टिकर लसीच्या बाटलीवर असतो, तो कार्डावर चिकटवून घ्या, डॉक्टर बाटली टाकून द्यायच्या आधी. टिप्या अर्धा मुधोळ आहे आणि अर्धा आमच्या गल्लीचा, म्हणून त्याच्या जातीपुढे मिक्स ब्रीड लिहिलं. गावठी कुत्रं नेता येत नाही असं कोण सांगितलं तर ऐकू नका, नियमाला जात लागत नाही, चिप आणि लस लागते. उलट काही जातींनाच बंदी आहे, जर्मनीत पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर आणता येत नाहीत.

शेवटच्या दहा दिवसांतला कागद सगळ्यात महत्त्वाचा, तो म्हणजे युरोपच्या नमुन्यातलं हेल्थ सर्टिफिकेट. ते सरकारी पशुवैद्यकाच्या सहीशिक्क्याचं असावं लागतं आणि दिल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोचायला लागतं. भारतातून बाहेर पडायला केंद्र सरकारच्या अॅनिमल क्वारंटाइन ऑफिसचं, ज्याला एक्यूसीएस म्हणतात, सर्टिफिकेट लागतं. बेळगावात ते ऑफिस नाही. बेळगावच्या सांब्रा विमानतळावरून विमानं पण देशातल्या देशातच उडतात. आपल्याला जवळचं म्हणजे मुंबई नाहीतर बेंगळुरू, दोन्हीकडे रस्त्याने साधारण पाचशे किलोमीटर, त्यामुळे विमान जिथून आहे तिथलंच ऑफिस धरा. आधी अपॉइंटमेंट घ्या, जनावराला प्रत्यक्ष न्यावं लागतं, तिथे चिप स्कॅन करून बघतात, बरोबर ओरिजिनल कार्ड, टायटरचा रिपोर्ट, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, पासपोर्ट आणि तिकिटाची कॉपी, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. आम्ही दोन दिवस आधीच गाडीनं निघालो, कोगनोळी नाक्याच्या पुढे एकदा आणि कऱ्हाडला एकदा टिप्याला उतरवून फिरवलं, डोंबिवलीला मावशीकडे राहिलो. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या बघून तारीख काढा, दिवाळीत तर फारच बघा.

अजून एक नियम लोकांना माहीत नसतो. पाळीव प्राणी म्हणून नेताना मालक आणि जनावर पाच दिवसांच्या अंतरात प्रवास करायला पाहिजेत, आणि मालक स्वतः बरोबर नसेल तर त्याने लेखी अधिकार दिलेला माणूस जनावराबरोबर पाहिजे. ताई आधी गेली होती म्हणून आम्ही म्हणत होतो कुत्रं मागून कार्गोने एकटं पाठवू, तर ते व्यापारी नियमात जातं आणि कागद अजून वाढतात. शेवटी ताईच दहा दिवसांच्या सुट्टीवर आली आणि दोघांना घेऊन गेली. विकायला नेत नाही असं डिक्लरेशन पण सही करून द्यायचं असतं. एका माणसाला पाच जनावरांपर्यंत चालतंय.

विमानाचं. तिकीट काढायच्या आधी एअरलाइनला फोन करा, कारण एका विमानात जनावरांच्या जागा मोजक्याच असतात. लुफ्तान्सासारख्या काही एअरलाइन केबिनमध्ये पिशवीसकट ८ किलोपर्यंत घेऊ देतात, मनी चार किलोची, ती ताईच्या पायाशी बसून गेली. सिक्युरिटीला मांजर पिशवीतून बाहेर काढून हातात धरावं लागतं, पिशवी एकटी एक्सरेत जाते, म्हणून घट्ट हार्नेस घातल्याशिवाय चेन उघडूच नका, विमानतळावर सुटलेलं मांजर सापडणं फार कठीण. टिप्या २४ किलोचा, तो खाली होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या सामानाच्या कप्प्यात, क्रेटमधून, म्हणजे वाहतुकीच्या पिंजऱ्यातून. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर असली चपट्या नाकाची असतील तर बऱ्याच एअरलाइन होल्डमध्ये घेतच नाहीत, त्यांना श्वासाचा त्रास होतो, त्यांच्यासाठी हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवा.

क्रेटचं माप आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, नियमाने. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी घ्या, त्यात कोपरापासून जमिनीपर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवा, ती क्रेटची लांबी. खांद्याच्या रुंदीच्या दुप्पट ती रुंदी. उभं राहिल्यावर डोकं किंवा कानाचं टोक, जे वर असेल ते, अधिक खालचं अंथरूण, ती उंची. टिप्याची लांबी ८५ आणि कोपराची उंची ४० आली म्हणजे क्रेट १०५ सेंटिमीटर लांब. मुधोळ किंवा कारवान असेल तर पाय लांब, माप सगळं मोठंच येतं, तेव्हा तेवढा क्रेट त्या विमानाच्या होल्डमध्ये बसतो का हे एअरलाइनकडून लेखी घ्या. दोन्ही भाग लोखंडी नटबोल्टने जोडलेले, चाकं काढलेली, पाण्याचं भांडं बाहेरून भरता येईल असं.

आणि क्रेट आणायचा तो दोन महिने आधी. आईने टिप्याची ज्वारीची भाकरी रोज क्रेटमध्येच वाढायला सुरू केलं, पहिले चार दिवस तो नुसती मान आत घालून भाकरी ओढून बाहेर आणायचा, मग आत बसून खायला लागला, मग दुपारी झोपायला पण तिथंच. शेवटच्या आठवड्यात ताईचा न धुतलेला जुना कुर्ता आत घातला. झोपेचं औषध मात्र अजिबात देऊ नका, एअरलाइन अशी जनावरं नाकारतात आणि वर हवेत गुंगीतल्या जनावराचा श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो. जायच्या दिवशी हलकं खाणं पाच-सहा तास आधी, पाणी शेवटपर्यंत. एप्रिल-मे टाळा, उन्हात क्रेट विमानाशेजारी थांबतो. आपल्याकडे पावसाळ्यात गोचीड फार होते, ती अंगावर दिसली तर फिटनेस अडतं, निघायच्या महिनाभर आधीपासून औषध सुरू ठेवा, जंताचं पण.

बॅगेत कुंदा ठेवू नका. मनापासून सांगते, आईने दोन किलो बांधला होता. युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत, कुत्र्या-मांजराचं मांसाचं खाणं पण त्यातच आलं. खाणं तिकडेच घ्या, आणि हळूहळू बदला.

बाकी देशांचं थोडक्यात. ब्रिटनला पण चिप, लस, ३० दिवसांनी रक्त आणि तीन महिने थांबणं हेच, वर कुत्र्याला उतरायच्या आधी २४ ते १२० तासांत टेपवर्मचं (पोटातल्या चपट्या जंताचं) औषध डॉक्टरांच्या नोंदीसह, आणि विमानाने गेलं तर साधारण कार्गोनेच. आयर्लंड, फिनलंड, माल्टा, नॉर्वेला पण ते टेपवर्मचं औषध लागतं. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम कडक केलेत, सहा महिन्यांच्या आतलं कुत्रं नाही, सीडीसीचा (तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा) फॉर्म, आणि भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या देशांत असल्यामुळे भारतात लस घेतलेल्या कुत्र्याला टायटर रिपोर्ट आणि मान्य केंद्रात आधी बुकिंग, टायटर नसेल तर तिथे २८ दिवस क्वारंटाइन. दुबईला चाललात तर आधी तिथल्या मंत्रालयाचं इंपोर्ट परमिट. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेताच येत नाही, मध्ये मान्यता असलेल्या दुसऱ्या देशात राहून मगच. नियम बदलत असतात, म्हणून एजंटच्या तोंडावर न जाता त्या देशाच्या सरकारी साइटवर निघायच्या महिन्यात परत एकदा वाचा.

फ्रँकफर्टला उतरल्यावर ताई लाल चॅनेलमधून गेली, कस्टमला सांगितलं, त्यांनी दोघांच्या चिप स्कॅन केल्या, कागद चाळले, शिक्का मारला. कागद चुकले असते तर परत पाठवणं नाहीतर आपल्या खर्चाने क्वारंटाइन, आणि काहीच शक्य नसेल तर शेवटचा उपाय म्हणून जनावर मारण्याचीही तरतूद त्या कायद्यात आहे, म्हणून एवढं सगळं जिवावर घेऊन करायचं. तिकडे गेल्यावर नगरपालिकेत कुत्र्याचा कर भरून नोंद केली, आणि तिथल्या डॉक्टरांकडून दोघांचे युरोपियन पेट पासपोर्ट काढून घेतले, त्यात आता पुढची लस चढत जाते. पुढच्या बूस्टरची तारीख ताईने मोबाइलमध्ये टाकलीय, आणि आईने ती आपल्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पण लाल पेनाने लिहून ठेवलीय, पंधरा दिवस आधी ती फोन करणार आहे.