भाचीचं नाव 'ईदा': परकं नाव ठेवताना काय काय बघावं

माझा भाऊ जर्मनीत असतो. वहिनीनं मुलीसाठी ईदा हे तिकडचं नाव निवडलं. बारशाला नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून ते तपासून बघायचं काम इथं सांगलीत माझ्याकडं आलं. असं नाव मनात असेल तर मी कशी गेले ते सांगते.

आधी मूळ शोधा. जुनी जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या भाषाकुळातली, नावं बरीचशी दोन शब्द जोडून केलेली असतात. माटिल्डा म्हणजे बळ आणि लढाई, गेरट्रूड म्हणजे भाला आणि बळ. त्या दोन शब्दांचं मिळून वाक्य होतंच असं नाही, त्यामुळं कुणी 'लढाईत बळ देणारी' असा गोड अर्थ लिहिला असेल तर तो मागाहून जुळवलेला समजा. ईदा मात्र एकाच तुकड्याचं नाव. त्याचं मूळ 'काम, कष्ट' या अर्थाच्या जुन्या शब्दात आहे असं सहसा मानतात. मला हे फार आवडलं. फुलांची, चांदण्यांची नावं आपल्या मुलींना भरपूर मिळतात, कामाचं नाव क्वचित.

सारख्या आवाजाला मात्र भुलू नका. क्रीट बेटावरच्या पर्वताचं असंच नाव आहे, पण ते ग्रीक. आयर्लंडच्या संत ईतेचं नावही इंग्रजीत कधीकधी असंच लिहितात, त्याचं मूळ वेगळं. आणि आपल्याकडं तर शतपथ ब्राह्मणातली मनूची मुलगी इडा आहे, योगातली इडा नाडी आहे. 'अहो, हे आपलंच संस्कृत नाव' असं सांगितलं की पाहुणे लगेच गप्प बसतात. तरी तसं सांगू नका. परकं नाव घ्यायचं तर परकं म्हणूनच मानानं घ्यावं, त्याला खोटं गोत्र चिकटवू नये.

मग त्या नावाच्या बायका कोण होऊन गेल्या ते बघा, मुलगी मोठी झाल्यावर विचारणारच. नवव्या शतकात हेर्झफेल्डची संत ईदा होती. रसायनशास्त्रज्ञ ईदा नोडाक १९२५ साली रेनियम हे मूलद्रव्य शोधणाऱ्यांपैकी एक. जड अणुकेंद्रक फुटून त्याचे मोठे तुकडे होऊ शकतील, हे तिनं १९३४ मध्येच मांडलं. त्या वेळी कुणी फारसं मनावर घेतलं नाही आणि १९३८ च्या शेवटी प्रयोगात तेच दिसलं. आपल्या देशात वेल्लोरचं रुग्णालय उभं करणाऱ्या डॉक्टर आयडा स्कडर, आयडा म्हणजे ईदाचाच इंग्रजी उच्चार. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या लोकांना अशा कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

खरी परीक्षा घरातल्या कानांची. आई ऐकताक्षणी म्हणाली, "अगं, पाडव्याला ओवाळताना 'इडा पिडा टळो' म्हणतो आपण, आणि तेच नाव पोरीला?" तिचं म्हणणं मी मनावर घेतलं. म्हाताऱ्या माणसांच्या अशा हरकतीला हसून उडवू नये. तो आवाज मुलीला जन्मभर ऐकायचा असतो. उच्चार नीट ऐकल्यावर वाट सापडली. इंग्रजीत आयडा म्हणतात, पण जर्मनमध्ये पहिला ई लांब आणि जोरही त्याच्यावरच. पुढचं अक्षर म्हणताना जीभ आपल्या 'ड'सारखी मागं वळत नाही, दातांच्या जवळ लागते. म्हणून देवनागरीत 'ईदा' लिहा, इडा नको. आईलाही ते पटलं.

अंगणातून मोठ्यानं हाक मारून बघा. ताई, मावशी, आजी लावून बघा: ईदाताई जिभेवर सहज बसतं, गेरट्रूडताई बसत नाही. ईदाला, ईदाचं, ईदाकडं असंच चालू द्या. सीतेला म्हणतो म्हणून ईदेला करू नका, नाव ओळखू येत नाही.

पत्रिका बघणारं घर असेल तर 'ई' हे अक्षर कृत्तिका नक्षत्राचं. नक्षत्र दुसरं निघालं तर जन्मनाव वेगळं ठेवा आणि हाकेचं ईदा. त्यावरून भांडण नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. जर्मनीत जन्माची खबर आठवड्याच्या आत नोंदणी कार्यालयात द्यावी लागते, तेव्हा बाराव्या दिवसाची वाट न बघता नाव आधीच पक्कं करा. तिथं वडिलांचं नाव मध्ये लावायची आपली रीत नाही, फॉर्म भरण्याआधी ते विचारून घ्या. नाव मुलीचंच आहे का, यावरून पूर्वी तिथं अडवणूक होई. भारतीय वंशाच्या एका मुलीचं 'किरण' हे एकटंच नाव असंच अडलं होतं, २००८ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ते मान्य केलं. ईदाबाबत तो प्रश्न येत नाही. आई-वडील दोघंही भारतीय नागरिक असतील आणि मुलीलाही भारतीय ठेवायचं असेल तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्म नोंदवा. रोमन लिपीत या नावाचं पहिलं मोठं अक्षर 'आय' छापील कागदावर लहान 'एल'सारखं दिसतं, म्हणून अर्जावर सगळी अक्षरं मोठी काढा आणि दाखला हातात पडताच तिथंच वाचून घ्या.