मशीन सुरू करण्याआधी: दाणा, बॅरल, मोल्ड, पाणी

प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर मोल्ड, म्हणजे साचा, चढला की सेटरचा (मशीन जुळवणाऱ्याचा) हात आधी प्रेशरकडे जातो. पीस अर्धवट आला की वाढव, फ्लॅश (मोल्डच्या फटीतून निसटलेला पातळ पापुद्रा) आली की कमी कर. तासभर हा खेळ चालतो आणि मग कुणीतरी ड्रायरमध्ये हात घालून बघतो, तर दाणा (प्लास्टिकचा कच्चा माल) गार! म्हणून सुरुवात दाण्यापासून करा.

पॉलिप्रॉपिलीनला सहसा वाळवणं लागत नाही. नायलॉन, एबीएस, पॉलिकार्बोनेट मात्र हवेतली ओल ओढून घेतात. एबीएस साधारण 80 अंशांवर 2 ते 4 तास, पॉलिकार्बोनेट 120 अंशांवर 3 ते 4 तास. आणि तास मोजायचे ते दाणा तापल्यापासून, बटण दाबल्यापासून नाही. ओल राहिली तर गेटपासून (माल पीसमध्ये शिरतो त्या तोंडापासून) पसरत जाणाऱ्या चंदेरी रेषा येतात. त्या निदान दिसतात तरी. पॉलिकार्बोनेटमध्ये ओल वितळलेल्या मालाच्या साखळ्याच तोडते, त्यामुळे चांगला दिसणारा पीसही पुढे टिचकीसरशी तडकू शकतो. खात्री हवी तर फेस शील्ड लावून, नोझल (माल मोल्डमध्ये सोडणारं तोंड) मागे घेऊन एक शॉट (एका वेळचा वितळलेला माल) बाहेर सोडा. गोळा गुळगुळीत पडला तर ठीक. चुरचुरत, फेसाळत आला तर परत ड्रायरकडे. रिग्राइंड (दळून परत वापरायचा माल) मिसळणार असाल तर तेही वाळवायचं, हे हमखास विसरलं जातं.

बॅरलमध्ये (माल वितळतो त्या नळकांड्यात) आधी कुठला माल चालला होता ते विचारून घ्या. काळे ठिपके बहुतेक वेळा तिथे चिकटून जळालेल्या मालाचे असतात, तेव्हा पर्जिंगमध्ये (जुना माल ढकलून बाहेर काढण्यात) कंजुषी नको. पीव्हीसीनंतर ॲसिटल (हेही एक प्लास्टिकच) किंवा ॲसिटलनंतर पीव्हीसी असेल, तर बॅरल पूर्ण साफ झाल्याशिवाय पुढे जाऊच नका. दोन्ही एकत्र आले की विघटन होऊन घातक वायू सुटतात.

आता मोल्ड. पार्टिंग लाइन (मोल्डचे दोन भाग मिटतात ती कड) कापडाने पुसा आणि बोट फिरवून बघा. जुन्या फ्लॅशचा नखाएवढा तुकडा अडकला असला तरी मोल्ड पुरता मिटत नाही. अशा वेळी क्लॅम्प टनेज (मोल्ड मिटून धरणारा जोर) वाढवलं तर फ्लॅश जात नाही, कड मात्र दबते. मग वेंट, म्हणजे मोल्डमधली हवा बाहेर जायच्या बारीक खाचा. यांची खोली मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची, त्यामुळे थोड्याशा राळेनेही बुजतात. कोंडलेली हवा दाबली जाऊन इतकी तापते की भरावाच्या टोकाला पीस करपतो. तेवढं तापली नाही तरी तिथे शॉर्ट (अर्धवट भरलेला पीस) येतो, आणि आपण प्रेशर वाढवून हवा आणखी कोंडतो.

पाण्याच्या प्रत्येक नळीत प्रवाह आहे का ते हाताने तपासा. एक नळी मुडपली की एक बाजू गरम राहते आणि पीस वाकतो.

सिंक मार्कसाठी (पीसवर पडणाऱ्या खळग्यांसाठी) वजनकाटा जवळ ठेवा. होल्डिंग टाइम (भरल्यावर दाब धरून ठेवायचा वेळ) अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने वाढवत पीस तोला. वजन वाढायचं थांबलं तिथे गेट गोठलं, त्यापुढचा वेळ वाया. शॉट संपल्यावर बॅरलमधल्या स्क्रूपुढे कुशन (थोडा शिल्लक माल) उरतंय ना तेही बघा, नाहीतर होल्डिंग प्रेशर पीसपर्यंत पोहोचतच नाही. रिबच (पीसला मजबुती देणारी आतली पट्टी) पीसच्या भिंतीएवढी जाड असेल तर मात्र सेटरला दोष देऊ नका, ते डिझायनरचं काम.

सुरुवातीचे दहा-बारा पीस मोजमापाला घेऊ नका, मोल्ड अजून तापतोय. आणि काम संपलं की शेवटच्या शॉटचा पीस रनरसकट (गेटपर्यंत माल नेणाऱ्या वाटेत गोठलेल्या दांडीसकट) मोल्डलाच बांधून ठेवा; पुढच्या वेळी चढवणाऱ्याला कुठली पिन झिजली, कुठे फ्लॅश येत होती, ते विचारत फिरावं लागणार नाही.