लेथवरच्या या चुका टाळा: चकची चावी, गेलेला करंट आणि ट्रॉलरचा शाफ्ट

आयटीआयमधून टर्नर होऊन नवा मुलगा आला म्हणजे मी त्याला लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या पकडीत, जॉब (कापायचा धातूचा तुकडा) बांधायला सांगतो आणि गप्प उभा राहतो. जॉब आवळून झाला, मुलगा कापायचं टूल शोधायला वळला आणि चक आवळायची चावी चकमध्येच राहिली, तर त्या दिवशी त्याला मशीन मिळत नाही. अशा वेळी कोणी स्टार्टर दाबला तर ती चावी कोणाच्या कपाळावर बसेल, सांगता येत नाही. चावी हातात नाहीतर खुंटीवर. चकमध्ये असेल तोवर तिच्यावरचा हात सोडायचा नाही.

दुसरी चूक हातमोज्यांची. कापताना निघणारा धातूचा गरम कीस हातावर उडतो म्हणून मुलं मोजे घालतात. चटका परवडला. मोजा चकमध्ये अडकला तर फाटत नाही, गुंडाळला जातो, आणि मागोमाग बोटं जातात. सैल बाही, अंगठी, मनगटाचा दोरा यांचंही तेच. एका दसऱ्याला मशीनच्या पूजेची झेंडूची माळ टूल पोस्टवरून, म्हणजे टूल धरणाऱ्या भागावरून, काढायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं, तर पाकळ्या भिंतीपर्यंत उडाल्या आणि दोरा चकभोवती असा आवळला की ब्लेडने कापून काढावा लागला. तेव्हापासून हार फोटोला, मशीनला फक्त हळद-कुंकू.

कीस काढायला आकडा किंवा ब्रश वापरायचा, बोट नाही. चष्म्याबद्दल वेगळं सांगायला नको.

आता आपल्या गोव्यातल्या पावसाळ्यातली खास चूक. कट चालू आहे, करंट गेला. मुलगा म्हणतो, "पात्रांव (मालक), करंट गेला," आणि चहाला निघतो. टूल जॉबमध्ये रुतलेलं, स्विच चालूच. चांगल्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर धरून राहणारा स्विच, वीज जाताच सुटतो आणि मशीन आपोआप सुरू होत नाही. पण जुन्या लेथना नुसता रोटरी स्विच असतो. वीज परत आली की चक फिरायला लागतो, तेव्हा एखादा नेमका वाकून माप घेत असतो. म्हणून करंट गेला की आधी स्विच बंद, मग टूल मागे, मग चहा.

आता कटकडे येऊ. फेसिंग, म्हणजे जॉबचं तोंड सपाट, केल्यावर मध्यभागी बारीक बोंडी राहत असेल तर मशीनला दोष देऊ नका, टूल सेंटरच्या, म्हणजे जॉबच्या मध्याच्या, खाली आहे. वर असेल तर टूल कापायच्या ऐवजी घासतं. टेलस्टॉकच्या (चकसमोरच्या टोकाच्या आधाराच्या) अणकुचीदार सेंटरला टूलचं टोक भिडवून पाहा आणि टूल खाली असेल तर त्याच्याखाली पत्र्याची पट्टी घाला. डायलची चूक तर प्रत्येक जण एकदा करतोच: क्रॉस स्लाइड (टूल जॉबकडे आडवं सरकवणारा भाग) १ मिमी पुढे गेली की व्यास २ मिमीने कमी होतो. काही मशीनच्या डायलवर थेट व्यास कोरलेला असतो, म्हणून अनोळखी लेथवर पहिला कट घेऊन माप घ्यावं. अर्थात मशीन थांबवून.

जॉब थरथरतो, अंगावर लाटा उठतात? आरपीएम कमी करा, टूल पोस्टच्या बाहेर आलेलं टूल आत घ्या. जॉब चकबाहेर व्यासाच्या तीन-चार पटींहून जास्त असेल तर मोकळ्या टोकाला टेलस्टॉकच्या सेंटरचा आधार द्या. सेंटरविना मोकळं टोक टूलच्या दाबाने पळतं आणि तिकडे व्यास जाड राहतो. दोन सेंटरमध्ये असूनही टेलस्टॉककडे जाड येत असेल तर टेलस्टॉक तुमच्यापासून लांब सरकलेला आहे. दोन्ही टोकांच्या फरकाच्या निम्मं अंतर तो आपल्याकडे आणायचा.

वेगाचा हिशेब तोंडी पाठ हवा: १००० गुणिले कटिंग स्पीड (मिनिटाला मीटर), भागिले (३.१४ गुणिले मिमीमधला व्यास), की आरपीएम येतात. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने माइल्ड स्टीलला, म्हणजे साध्या मऊ पोलादाला, मिनिटाला २५ ते ३० मीटर धरा. २५ मिमीच्या रॉडला ३२० ते ३८० आरपीएम येतात.

स्टेनलेसची गोष्ट वेगळी, आणि गोव्यात ती टाळता येत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मालीम, कुटबण, वास्कोकडच्या ट्रॉलरचे प्रोपेलर शाफ्ट दुरुस्तीला येतात. नवखा माणूस घाबरून केसाएवढा कट घेतो. तिथेच फसतो: टूल नुसतं घासलं की स्टेनलेसचा वरचा थर कडक होतो आणि पुढचा कट टूलची धार खातो. ५० मिमी शाफ्टला ९५-१०० आरपीएम ठेवा, पण कट ठाम घ्या, फीड (टूलचं पुढे सरकणं) थांबवू नका, कूलंटचं पाणी अखंड सोडा. आणि शाफ्ट तापला की लांबतो. एक मीटरचा स्टेनलेस शाफ्ट ३० अंशांनी तापला तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतो. चक आणि टेलस्टॉकने दोन्हीकडून दाबलेला शाफ्ट मग जाणार कुठे? मध्येच बाक घेतो. डेड सेंटर (जॉबबरोबर न फिरणारा) असेल तर किंचाळतो, ग्रीस जळाल्याचा वास येतो. मशीन थांबवायचं, टेलस्टॉकचं चाक जरा सैल करून पुन्हा हलकेच बसवायचं. लांब कामात हे दोन-तीनदा करावं लागतं.

त्याच ट्रॉलरचा गनमेटल बुश (शाफ्टभोवतीची कांस्याची नळी) मात्र उलट्या स्वभावाचा. स्टीलचं तीक्ष्ण रेकचं, म्हणजे वरची बाजू उतरती घासलेलं, टूल त्यात घुसतं आणि जॉब ओढून घेतं. वरची बाजू सपाट घासलेलं टूल लावा.

पार्टिंगला, म्हणजे जॉब कापून वेगळा करताना, वेग निम्म्यावर आणा, तेल द्या. आणि जुन्या लेथचा चक आट्यांचा असेल तर मशीन उलटं फिरवू नका. चक सुटून खाली येतो.

संध्याकाळी निघताना कूलंट पुसून बेडवर तेलाचा हात फिरवा. चकखाली साचलेलं पाणी बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, आणि खाऱ्या हवेत सकाळी नेमकं तिथेच तांबडं दिसतं.